बॉसचा मारा कुठे पडणार, ते गेमने जमिनीवर आधी आखून दाखवावं का?

गोदाकाठ (नाशिक)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आमच्या गटात त्यावरून गेल्या शनिवारी खरोखरचं भांडण झालं. म्हणून इथे मांडतोय.

आम्ही आठ जण फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन गेम खेळतो. दोन टँक (मार झेलणारे), दोन हीलर (जखमा भरणारे), चार डीपीएस (मार देणारे). एक जण देवगडला, एक मेलबर्नला, बाकी नाशिक-पुणे. मेलबर्नच्या ताईंची झोप सांभाळायची म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच ते सात हीच आमची वेळ. गेले चार आठवडे आम्ही सॅव्हेज या अवघड पातळीच्या एकाच बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूवर, अडकलोय. तो एक हात वर करतो आणि दोन-तीन सेकंदांनी त्या बाजूची अर्धी खोली साफ. जमिनीवर काही उमटत नाही. ना केशरी पट्टा, ना गोल.

आमची दुसरी हीलर माझी मावसबहीण आहे, सिन्नरला असते. गेम सुरू करून तिला जेमतेम सात महिने झालेत. शनिवारी ती ओळीने सहाव्यांदा त्याच माऱ्यात गेली आणि म्हणाली, "दादा, खाली काही दिसतच नाही, तर मी शिकू कशी?" मी म्हणालो, "खाली बघूच नकोस, त्याच्या हाताकडे बघ." माझा आवाज चढला होता. ती काही न बोलता व्हॉइसमधून निघून गेली आणि रेड, म्हणजे गटाची लढाई, तिथेच संपली.

रात्री झोप लागेना. विचार केला तर तिचं म्हणणं मला पटायला लागलं. सात महिने या गेमनेच तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली आहे: जमीन केशरी झाली की बाहेर पड. प्रत्येक डंजन, प्रत्येक साधा बॉस तेच शिकवतो. आणि अवघड पातळीवर आलं की तोच गेम खालचा केशरी रंग काढून घेतो. मी मात्र २०१९ च्या ऑगस्टात वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची जुन्या धाटणीची आवृत्ती) सुरू झालं तेव्हा त्यात शिकलो. तिथे जमिनीवर जवळजवळ काहीच आखलेलं नसायचं. त्यामुळे माझी नजर आपोआप बॉसवर जाते. तिची जात नाही, यात तिचा काय दोष?

तर विचारायचंय ते असं. मारा कुठे पडणार याच्या खुणा गेमने दाखवाव्यात का? दाखवायच्या तर सगळ्या, की ठरावीकच? आणि आपल्याच लोकांचे मंत्र कुठे पडणार तेही दिसावं का? "आपापली आवड" असं उत्तर कृपया नको. आठ जणांनी एकत्र खेळायचं असतं तेव्हा एकाची आवड सगळ्यांवर पडते.

---

जुना_ड्रूड (पुणे)

माझं मत स्पष्ट आहे. दाखवू नयेत.

२००५ साली मी टेक्सासात एमएस करत होतो. तिथे चाळीस जणांबरोबर वॉवमधल्या ओनिक्सिया या ड्रॅगनच्या गुहेत पहिल्यांदा शिरलो तो अनुभव अजून अंगावर आहे. तिचा जीव पासष्ट टक्क्यांवर आला की ती उडते आणि चाळीस टक्क्यांपर्यंत हवेत राहते. मधेच पडद्यावर एक ओळ येते, ती खोल श्वास घेतेय अशी. बस. गुहेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आग कुठून जाणार, ते तिचं तोंड कुठे आहे त्यावरून ओळखायचं. चाळीस माणसं एकदम मान वर करून आकाशात बघताहेत! ते दृश्य मला गोल आखलेल्या कुठल्याही गेमने दिलेलं नाही. गोल आला की ड्रॅगन केवढाही मोठा करा, लोक आपल्या पायाशीच बघत राहतात. चित्रकारांनी महिनोन्‌महिने बसून बनवलेलं पंख उचलणं, मान मागे घेणं कोणाच्या नजरेस पडत नाही.

वॉवमधला बॅरन गेडन हा बॉस आठवतो का? तो एका खेळाडूलाच बॉम्ब करून टाकायचा. आठ सेकंदांत त्याने बाकीच्यांपासून लांब पळायचं. गर्दीत कोणाचं नाव घेतलं जातंय याकडे सगळ्यांचे कान. तुमच्या बहिणीला हेच शिकवा: कान, डोळे, आणि सोबतच्यांवर विश्वास.

आणखी एक सांगतो, हा वाद आजचा नाही. २०१० मध्ये वॉवला एव्हीआर नावाचं एक अॅडऑन (गेमला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आलं होतं. ते थेट गेमच्या जमिनीवर वर्तुळं आणि रेषा काढायचं. कुठे उभं राहायचं, कुठे नाही, सगळं आखलेलं. वॉव बनवणाऱ्या ब्लिझार्डने ३.३.५ पॅचमध्ये (गेमच्या सुधारणेत) ते चालेनासं करून टाकलं. बाहेरच्या अॅडऑनने गेमच्या जगावर काही काढणं आम्हाला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला ती तेव्हाही पटली, आजही पटते.

उलट टोकाचं उदाहरण वाइल्डस्टारचं. जून २०१४ मध्ये आलेला गेम. शत्रूचा असो की आपला, जवळपास प्रत्येक मारा जमिनीवर रंगाने आखलेला. मी हौसेने घेतला होता. दोन-चार जण असताना मजा यायची. माणसं वाढली की खालची फरशीच दिसेना. २०१८ च्या नोव्हेंबरात तो बंद झाला. बंद व्हायला कारणं पुष्कळ होती, सगळा दोष गोलांवर टाकणार नाही. पण त्या लढायांमधला एकही शत्रू मला चेहऱ्याने आठवत नाही, आठवतात ते फक्त रंग.

---

गोदाकाठ

ड्रूडदादा, ओनिक्सियाचं शब्दन्‌शब्द पटतं. फक्त एक. २०१९ मध्ये आमच्यातल्या बहुतेकांकडे बॉसच्या वेळा मोजून ओरडणारं अॅडऑन होतंच. जमिनीवर खूण नव्हती, पण "श्वास येतोय, पळा" असं पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत यायचं. मग आम्ही खरंच ड्रॅगन वाचत होतो, की ती अक्षरं? मला खात्रीने सांगता येत नाही.

---

देवगड_हॉटस्पॉट

मी याच गटातला. भांडणात गप्प बसलो होतो, कारण माझं दुखणं वेगळं आहे आणि ते तेव्हा मांडायची वेळ नव्हती.

आमच्याकडे वायरचं इंटरनेट पावसात आठ-आठ दिवस बंद असतं. मग मोबाइलचा हॉटस्पॉट खिडकीत ठेवून खेळतो. आमचा सर्व्हर ओशनियाचा. मेलबर्नच्या ताईंचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) वीस-पंचवीस, माझा चांगल्या दिवशी दोनशे, वाईट दिवशी साडेतीनशे. म्हणजे बॉसने हात उचललेला ताईंना दिसतो, त्यानंतर कितीतरी वेळाने मला. आणि मी हललो हे सर्व्हरला कळायला वर आणखी वेळ. "हाताकडे बघ" हा सल्ला ताईंसाठी एक असतो, माझ्यासाठी दुसरा.

आता फायनल फँटसीत मार नक्की कधी मोजला जातो ते नीट समजून घ्या, कारण बरेच जण वर्षानुवर्षं खेळून यात चुकतात. कास्ट बार (बॉसचा मारा तयार होताना भरत जाणारी पट्टी) भरला आणि जमिनीवरचा केशरी रंग गेला, त्या क्षणी तुम्ही कुठे होतात एवढंच सर्व्हर बघतो. आग, दगड, विजा हा देखावा त्यानंतर येतो. म्हणून रंग गेल्यावर तुम्ही पेटलेल्या आगीत चालत गेलात तरी काही होत नाही. आणि रंग जाताना आत असाल, तर आग दिसेपर्यंत कितीही लांब पळा, मार बसतोच.

मी एकदा माझा पडदा मोबाइलने शूट करून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. गोल दिसेनासा झाला तेव्हा माझा माणूस कडेच्या बाहेर पूर्ण एक पाऊल होता. तरी मार बसला, कारण सर्व्हरच्या लेखी तो अजून आत होता. त्या दिवसापासून कास्ट बार तीन-चतुर्थांश भरायच्या आत मी बाहेर असतो. हे मला गोल होता म्हणून जमलं. कड नेमकी कुठे आहे ते माहीत होतं, त्यामुळे किती आधी निघायचं याचा हिशेब करता आला. बॉसच्या हाताला कड नसते.

ड्रूडदादा, तुम्ही गोलाला चिठ्ठी समजताय, परीक्षेत उत्तर सांगणारी. मला तो सर्व्हरने दिलेला शब्द वाटतो: "मी इथपर्यंत मोजणार, याच्या पुढे नाही." हात, पंख, श्वास हे सगळं चित्र आहे आणि चित्राची कड सर्व्हरच्या कडेशी जुळेलच असं नाही. २०१३ मध्ये हा गेम नव्याने सुरू झाला तेव्हा टायटन नावाच्या बॉसने कितीतरी लोकांना कड्यावरून खाली ढकललं. त्या काळी युरोपच्या खेळाडूंचे सर्व्हरसुद्धा कॅनडात, माँट्रियलमध्ये होते. ते युरोपात आले २०१५ मध्ये. खेळाडू तेच, बोटं तीच, अंतर तेवढं कमी झालं. कौशल्य कौशल्य म्हणतो त्यात केबलची लांबी किती असते, याचा विचार व्हावा एवढंच मागणं आहे.

---

तापीकाठ (भुसावळ)

सगळ्यांनी "रंग दिसला की" असं धरूनच लिहिलंय, म्हणून माझी बाजू सांगतो.

मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. एकविसाव्या वर्षी कळलं. लोको पायलट व्हायचं होतं, वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांची पानं समोर ठेवली आणि विचारलं, आकडा कोणता? माझ्या पुढच्या मुलाने "चौऱ्याहत्तर" म्हटलेलं मी ऐकलं होतं. मला त्या पानावर ठिपक्यांशिवाय काही दिसलं नाही. नियम योग्यच आहे, सिग्नलचा प्रश्न असतो. आज दुसरं काम करतो आणि ठीक चाललंय.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून पुरुषांत जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के, स्त्रियांत अर्धा टक्का. म्हणजे चाळीस पुरुषांच्या तिकडच्या रेडमध्ये सरासरी तिघांना हा त्रास असणार. आणि वर्षानुवर्षं धोक्याचा गोल कुठला? लाल. मैदान कुठलं? हिरवं गवत. मला तिथे गवतावर थोडं मळकट गवत दिसतं.

वॉवमध्ये २०१५ च्या ६.१ पॅचमध्ये रंगांधळ्यांसाठी फिल्टर आले. मनापासून आनंद झाला होता. पण फिल्टर सगळ्या पडद्याचे रंग बदलतो. गोल वेगळा दिसायला लागतो आणि त्याबरोबर ओळखीचं गाव, आपला घोडा, आकाश सगळंच परकं होतं. दोन दिवसांनी काढून टाकला.

मला कशाने कळतं ते सांगतो. गोलाची कड जाड आणि उजळ असेल तर कळतं. आत काही हलत असेल, कडेकडून मधे सरकणारी रेघ वगैरे, तर लगेच कळतं. हालचाल मला तुमच्याइतकीच दिसते. बाण असेल तर कळतं. फायनल फँटसीतली "सगळे इथे एकत्र या" ही खूण आत वळलेल्या बाणांची असते. ती मी कधीच चुकलेलो नाही, आणि तिचा रंग कोणता आहे ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून खुणा हव्यात की नकोत यावर मी "हव्यात" म्हणेन, पण रंगावर उभ्या असलेल्या नकोत. ड्रूडदादा, तुमचं एक म्हणणं मात्र मला फार जवळचं वाटलं. बॉसचा वर गेलेला हात मला स्वच्छ दिसतो. त्या बाबतीत मी कोणाच्याही मागे नाही. गोदाकाठ, तुमच्या त्या सॅव्हेज बॉसवर मी बहुतेक तुमच्या आधी शिकलो असतो!

---

रिंगवाली (पुणे)

मी ऑनलाइन कमी खेळते. कोथरूडला दर रविवारी टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ चालवते. तुमचा तिसरा प्रश्न, आपल्याच लोकांचे मंत्र दिसावेत का, त्याकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते.

फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या वीस फूट. टेबलावर एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. म्हणजे व्यास आठ इंच. आईच्या शिवणाच्या डब्यात भरतकामाची आठ इंची लाकडी रिंग होती, स्क्रूने घट्ट करायची. पहिल्या दिवसापासून तीच आमचा फायरबॉल आहे. टेबलावर ठेवली की रिंगच्या आत कोण, बाहेर कोण, वाद नाही.

पण सुरुवातीला मी एक चूक केली. मंत्र टाकणाऱ्याला आधी रिंग ठेवून बघू द्यायचे. मग प्रत्येक वेळी दहा मिनिटं रिंग सरकवणं चालायचं. इकडे अर्धा चौकोन, तिकडे अर्धा, म्हणजे चार राक्षस आत आणि आपला योद्धा केसभर बाहेर. बोळात आग सोडताना पोटात गोळा यायला हवा, तो कोणाच्याच येईना. आता नियम असा: आधी तोंडाने जागा सांगायची, मग रिंग ठेवायची. ठेवली की हलवायची नाही. पहिल्याच रविवारी आमच्या योद्ध्याची ढाल जळाली आणि टेबलावर सगळे उभे राहिले होते.

जुन्या नियमांत तर हे आणखी भारी होतं. १९७८ च्या नियमांप्रमाणे फायरबॉल सुमारे ३३,००० घनफूट जागा भरतो. मोकळ्यावर तो गोळा होतो, पण दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोगद्यात टाकला तर आग ३३० फूट लांब धावणार. टाकणाऱ्याच्या अंगावरही येणार. आकार कुठेही आखून दिलेला नाही, गणित मात्र सगळ्यांना माहीत. जो डोक्यात गुणाकार करेल तो वाचेल.

तेव्हा माझ्या अनुभवातून इतकंच सांगते की खूण दिसते की नाही यापेक्षा *कधी* दिसते याने खेळ बदलतो. निर्णय घ्यायच्या आधी दिसली तर माणूस मोजमाप करत बसतो. नंतर दिसली तर निकाल मान्य करतो. शत्रूच्या माऱ्याची कड आधी कळावी, कारण तो निर्णय आपला नव्हता. स्वतःच्या माऱ्याची कड सरावाने कळावी.

---

जुना_ड्रूड

देवगडकर, तुमचं वाचून थांबलो. २००५ मध्ये माझं घर, विद्यापीठ आणि सर्व्हर एकाच देशात होते. आपल्याला चांगलं जमत होतं त्यातला काही भाग त्याचा असणार, हे इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं. माझ्या मतात एवढी दुरुस्ती करतो: कड दाखवा, पण ड्रॅगनने मान मागे घेतल्यानंतर. आधी त्याच्याकडे बघायला लावा, मग खाली.

तापीकाठ, तुम्हाला एक सांगतो. ब्लिझार्डने २०२५ मध्ये जाहीर केलं की वॉवच्या मिडनाइट या विस्तारात लढाईत मदत करणाऱ्या अॅडऑनवर मर्यादा येणार, आणि बॉसच्या इशाऱ्यांची सोय गेममध्येच असणार. म्हणजे खुणा कशा दिसाव्यात याची जबाबदारी आता बनवणाऱ्यांकडे येते. जाड कड आणि हलणाऱ्या रेघेबद्दल त्यांना जरूर लिहा. तुमच्याइतकं नेमकं मांडलेलं मी वाचलेलं नाही.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आज शनिवार, खेळून उठलो आणि आधी इथे लिहितोय.

बुधवारीच बहिणीला फोन केला आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. तिला हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला गोल नकोयत दादा, कड कुठे संपते ते एकदा बघायचंय." म्हणजे देवगडकरांचंच म्हणणं, तिच्या शब्दांत.

मग एक गोष्ट केली, जी गेममध्ये आहेच आणि आम्ही आळसाने वापरत नव्हतो. गटाला जमिनीवर स्वतःच्या आठ खुणा ठेवता येतात, ए ते डी आणि एक ते चार. आजवर कुठल्या तरी व्हिडिओत बघून मीच त्या ठोकून द्यायचो. आज त्या बहिणीने ठेवल्या. पहिले चार पुल (लढाईच्या फेऱ्या) आम्ही बॉस मारायचा प्रयत्नच केला नाही. ती मुद्दाम अर्ध्या खोलीच्या सीमेवर उभी राहायची, मार बसला की म्हणायची "अजून एक पाऊल डावीकडे", आणि पुढच्या पुलच्या आधी खूण सरकवायची. मरून मरून तिने ती रेघ शोधून काढली. ए आणि सी यांना जोडणाऱ्या रेषेपासून हातभर अलीकडे, आम्ही सगळे धरून चाललो होतो तिथे नव्हतीच. मी स्वतः चार आठवडे गरजेपेक्षा दुप्पट लांब पळत होतो आणि तेवढा वेळ बॉसला मारायचं राहून जात होतं.

पाचव्या पुलपासून तिने आणखी एक सुरू केलं. बॉसचा खांदा हलला, हात अजून वर गेलेलाही नाही, की ती "उजवा!" म्हणून ओरडायची. देवगडकर तिच्या आवाजावर निघायचे, पडद्याकडे न बघता. आज त्यांचा पिंग तीनशेच्या वर होता आणि त्या माऱ्यात ते एकदाही गेले नाहीत.

माझं मत आता असं झालंय. साध्या पातळीवर खुणा हव्यात, तापीकाठ म्हणतात तशा, जाड कडेच्या आणि हलणाऱ्या. पण त्याच साध्या पातळीवर बॉसने हातही उचलायला हवा, आणि खूण हातानंतर उमटायला हवी, म्हणजे पुढे ती काढून घेतली तरी शिकणाऱ्याकडे काहीतरी उरेल. माझ्या बहिणीला सात महिने फक्त जमीन दाखवली गेली, हात कोणी दाखवलाच नाही. हे मी गेमबद्दल जेवढं म्हणतोय तेवढंच माझ्याबद्दलही. तिच्या शेजारी उभा राहून खेळत होतो ना मी.

स्वतःच्या मंत्रांबद्दल रिंगवाली ताईंचं पटलं. माझ्या टँकच्या वर्तुळाचा अंदाज मला डोळे मिटून आहे. तो सरावानेच आला.

बॉस १९ टक्क्यांवर राहिला. चार आठवडे ४० च्या खाली गेलो नव्हतो. पुढच्या शनिवारी पाचला परत. तापीकाठ, आमचे एक डीपीएस दोन महिने बाळंतपणासाठी सुट्टीवर जाताहेत, जागा रिकामी आहे. यायचं असेल तर इथेच कळवा.